वॉबफेट : स्पर्धात्मक लढतीतील डावपेच

वॉबफेट : पोकेमॉन या जपानी व्हिडिओ गेम मालिकेतील सायकिक प्रकारचा एक प्राणी व त्याच्याभोवती रचलेली लढतीची पद्धती. जपानी नाव सोनान्सु. राष्ट्रीय पोकेडेक्समधील (खेळातील प्राण्यांच्या सूचीतील) क्रमांक २०२, उंची १.३ मीटर, वजन २८.५ किलोग्रॅम. नोव्हेंबर १९९९ मध्ये जपानात प्रसिद्ध झालेल्या ‘गोल्ड’ व ‘सिल्व्हर’ या खेळांत तो प्रथम आढळतो. त्याचे बालरूप वायनॉट २००२ मधील ‘रुबी’ व ‘सफायर’पासूनचे आहे. वॉबफेट स्वतःहून हल्ला करत नाही. अंगावर आलेला घाव दुपटीने परत करणे आणि समोरच्याला मैदानातून हलू न देणे, या दोनच गोष्टींवर त्याचा सारा खेळ उभा आहे.

नावाविषयी फारसा वाद नाही, रूपाविषयी मात्र आहे. ‘सोनान्सु’ हे नाव ‘सो नान्सु’, म्हणजे साधारणतः ‘असंच आहे बघा’, या बोलीतील उद्गाराशी जोडले जाते. वायनॉटचे जपानी नाव ‘सोनानो’ (‘असं होय?’) त्याच घडणीचे असून, दोन्ही नावे शेजारी ठेवली की प्रश्न आणि उत्तर असा जोड तयार होतो. रूपाबद्दलचे एक मत असे की, कपाळाला हात लावून बोलणारा राकुगो (जपानी विनोदी कथाकथन) कलावंत, पहिला हायाशिया सान्पेइ (१९२५–१९८०), हा या प्राण्याच्या मागे असावा. दुसऱ्या मतानुसार मूळ कल्पना ढकलले तरी पुन्हा उभ्या राहणाऱ्या जड बुडाच्या बाहुलीची आहे. सोलापूरच्या गड्डा यात्रेत हवा भरलेली अशी बाहुली पाहिलेल्या वाचकास हे साम्य वेगळे सांगावे लागू नये. डुलणे आणि ठोसा या अर्थांच्या दोन शब्दांपासून साधलेले इंग्रजी नाव या मताच्या पुष्ट्यर्थ पुढे केले जाते, परंतु ते नाव नंतर, भाषांतराच्या वेळी ठेवलेले असल्यामुळे मूळ रेखाटनाविषयी त्यातून फार काही सिद्ध होत नाही. डोळे असलेली काळी शेपटी हाच खरा जीव असून निळे धड केवळ आमिष आहे, ही तिसरी समजूत पोकेडेक्समधील शेपटी लपवण्याच्या उल्लेखावर आधारलेली आहे. ती उगमाची मीमांसा नव्हे, कथेतील तर्क आहे. चालींच्या रचनेशी जुळते म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. नाव एका ठिकाणाहून आणि देह दुसऱ्या ठिकाणाहून आला असेल, तर पहिल्या मतालाही त्याने बाध येत नाही.

मूलभूत गुणांक पाहता हा प्राणी विषम घडणीचा आहे : एचपी (प्राण्याची जीवनशक्ती) १९०, आक्रमण ३३, बचाव ५८, विशेष आक्रमण ३३, विशेष बचाव ५८, वेग ३३, एकूण ४०५. चाली मोजक्याच. काउंटर ही चाल त्याच फेरीत बसलेल्या शारीरिक घावाच्या दुप्पट हानी परत करते, मिरर कोट हेच विशेष घावाबाबत करते, आणि दोन्हींचे प्राधान्य उणे असल्याने त्या शेवटी घडतात. सेफगार्ड (विष, झोप अशा बाधांपासून रक्षण करणारी), डेस्टिनी बाँड (स्वतः पडल्यास पाडणाऱ्यालाही पाडणारी) आणि वायनॉटपासून वाढवल्यास मिळणारी एन्कोर, या उरलेल्या महत्त्वाच्या चाली होत. तिसऱ्या पिढीत (खेळांच्या पिढ्या मोजताना ‘गोल्ड’-‘सिल्व्हर’ दुसरी, ‘रुबी’-‘सफायर’ तिसरी, ‘डायमंड’-‘पर्ल’ चौथी) त्याला शॅडो टॅग ही क्षमता मिळाली. तिच्यामुळे समोरच्या खेळाडूला आपला प्राणी मागे घेता येत नाही. क्षमतेचे जपानी नाव ‘कागेफुमि’ हे दुसऱ्याच्या सावलीवर पाय देण्याच्या मुलांच्या खेळाचे नाव आहे (आपल्याकडील ऊन-सावली त्याची दूरची नातलग म्हणता येईल). दुसऱ्या पिढीत ही क्षमता नव्हती व एन्कोरही नव्हती, त्यामुळे प्रतिस्पर्धी सरळ प्राणी बदलून निघून जात असे. त्या पिढीतील वॉबफेट स्पर्धेच्या दृष्टीने नगण्य होय.

काउंटर की मिरर कोट, हा अंदाज या पद्धतीचा गाभा समजला जातो, आणि तो पिढीगणिक बदलला आहे. तिसऱ्या पिढीपर्यंत चाल शारीरिक की विशेष हे तिच्या प्रकारावरून ठरे : अग्नी, जल, वनस्पती, विद्युत, सायकिक, हिम, ड्रॅगन व डार्क हे प्रकार विशेष, बाकीचे शारीरिक. त्यामुळे समोरचा प्राणी ओळखला की उत्तर बहुधा ठरलेले असे. याला दोन मोठे अपवाद होते आणि ते नेमके एकमेकांची प्रतिबिंबे होते. डार्क चाली विशेष असल्याने त्यांना उत्तर मिरर कोटचे. पण मिरर कोट ही सायकिक चाल असल्यामुळे डार्क प्राण्यांवर तिचा परिणाम शून्य. घोस्ट चाली शारीरिक, म्हणून उत्तर काउंटरचे; पण काउंटर ही फायटिंग चाल असल्याने घोस्ट प्राण्यांना ती लागतच नाही. परिणामी क्रंच ही डार्क चाल वापरणारा डार्क प्रकारचा टायरॅनिटार आणि शॅडो बॉल ही घोस्ट चाल वापरणारा घोस्ट प्रकारचा गेंगार हे दोघे वॉबफेटला निर्धास्तपणे मारू शकत, आणि या दोन्ही चाली सायकिक प्राण्यावर दुप्पट लागू पडत. २००६ मध्ये ‘डायमंड’ व ‘पर्ल’ आले आणि शारीरिक-विशेष हे वर्गीकरण प्रकाराऐवजी प्रत्येक चालीवर गेले. क्रंच शारीरिक झाली, शॅडो बॉल विशेष झाली. टायरॅनिटार काउंटरच्या आणि गेंगार मिरर कोटच्या टप्प्यात आला. एकाच प्राण्याकडे दोन्ही प्रकारच्या चाली असू शकतात या कारणाने अंदाज अवघड झाला, हे सर्वमान्य आहे. दोन नैसर्गिक वैऱ्यांची ढाल त्याच वेळी गळून पडली, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही.

ईव्हीची (सरावातून मिळणाऱ्या व हव्या त्या गुणांकात घालता येणाऱ्या गुणांची) वाटणी हा दुसरा वादाचा मुद्दा. १०० व्या पातळीला एकही ईव्ही न घालता वॉबफेटचे एचपी ५२१ आणि बचाव १५२ असतो. २५२ ईव्ही एचपीत घातले तर ते ५८४ होते, म्हणजे वाढ सुमारे १२ टक्के. तेच बचावात घातले तर तो २१५ होतो, म्हणजे वाढ ४१ टक्के. ज्याचे एचपी मुळातच अवाढव्य आहे त्याने दोन्ही बचाव भरावेत, हे गणित येथून निघते. यावर घेतला जाणारा आक्षेप असा की, घाव कमी बसला तर परतणारी हानीही कमी होते. आक्षेप तत्त्वतः बरोबर आहे. तथापि ३०० चा घाव वाढीव बचावामुळे २१२ वर आला तरी परत ४२४ जातात, आणि ईव्हीविना गारचॉम्पचे एचपी ३५७, तर पूर्ण ईव्ही घातलेल्या टायरॅनिटारचे ४०४ असते. ७१४ पर्यंत जाणारी ब्लिसी सोडली तर हा आक्षेप व्यवहारात फारसा टिकत नाही.

वॉबफेटचा खरा धोका काउंटरमध्ये नसून एन्कोरमध्ये आहे, असे मानण्यास जागा आहे. एन्कोर समोरच्याला त्याची शेवटची चाल पुन्हा पुन्हा करायला लावते; पाचव्या पिढीपासून तीन फेऱ्या. वॉबफेट संथ असल्यामुळे प्रतिस्पर्धी आधी चाल करून बसतो आणि त्याच चालीत अडकतो. त्याने हल्ला केला असेल तर पुढच्या फेरीत काउंटर की मिरर कोट हा प्रश्नच उरत नाही. त्याने स्कारमोरीसारख्या बचावी प्राण्याकडून स्पाइक्स (नंतर मैदानात येणाऱ्यांना टोचणारे काटे) टाकले असतील, तर वॉबफेट मागे जातो आणि त्याच्या जागी आलेला गायराडोस निवांतपणे ड्रॅगन डान्स करून ताकद वाढवतो. संथपणाचा फायदा डेस्टिनी बाँडलाही मिळतो, कारण पुढच्या फेरीत प्रतिस्पर्ध्याचा घाव बसतो तेव्हा तिचा प्रभाव अजून शाबूत असतो. सुटकेचे मार्ग थोडे आहेत : टाँट (हल्ल्याखेरीजच्या चाली रोखणारी चाल), यू-टर्न व बॅटन पास (चाल करून बाहेर पडू देणाऱ्या चाली), शेड शेल ही वस्तू, आणि सहाव्या पिढीपासून घोस्ट प्रकार.

स्मॉगन या खेळाडूंच्या समुदायाच्या नियमांत तिसऱ्या व चौथ्या पिढीत वॉबफेटची गणना उबर्स या सर्वांत वरच्या वर्गात होई. सहाव्या पिढीत सर्वसाधारण वर्गातून शॅडो टॅग ही क्षमताच वगळण्यात आली. अधिकृत स्पर्धा दोनास दोन पद्धतीच्या असल्याने तेथे वॉबफेटला फारसे स्थान नाही. तीच क्षमता असलेली गॉथिटेल मात्र २०१४ च्या वॉशिंग्टन येथील जागतिक विजेत्या सेजुन पार्कच्या संघात होती.

तिसऱ्या पिढीतील एक दोष येथे नोंदवला पाहिजे. दोन्ही बाजूंना लेफ्टओव्हर्स (दर फेरीला थोडे एचपी परत देणारी वस्तू) धारण केलेले वॉबफेट आले की कोणालाही बाहेर पडता येत नसे. चाली वापरून संपल्या आणि केवळ स्ट्रगल ही करणाऱ्यालाही इजा करणारी चाल उरली तरी, बचाव भरलेला वॉबफेट फेरीला सुमारे २० एचपीची हानी सोसे व प्रतिघाताने आणखी पाचेक गमावी, तर लेफ्टओव्हर्समधून ३२ परत मिळवी. लढत संपणे जवळपास अशक्य होते. चौथ्या पिढीत स्ट्रगलचा प्रतिघात कमाल एचपीच्या चतुर्थांशावर नेण्यात आला आणि शॅडो टॅग असलेल्यांना परस्परांच्या बंधनातून मुक्त करण्यात आले.

सोलापुरात, विशेषतः पूर्व भागातील मुलांच्या तोंडी, काउंटरला कुस्तीतील ‘तोड’ हा शब्द प्रस्तुत नोंदीकाराने ऐकला आहे. तालमींच्या गावात तो आपोआप आला असावा. शॅडो टॅगला वेगळा शब्द नाही, ‘अडकला बे!’ एवढा पुकारा पुरतो. दोन फोन जोडून तिसऱ्या पिढीतील जुना ‘एमरल्ड’ खेळताना वॉबफेट एकाच्याच संघात असावा, असा तोंडी नियम तेथे पाळला जातो. मागे यंत्रमागाचा खडखडाट चालू असताना वॉबफेट विरुद्ध वॉबफेट अशी एक लढत नोंदीकाराच्या देखत तासाभराहून अधिक चालली होती. एका फोनची बॅटरी संपली तेव्हा ती सुटली, आणि ज्याचा फोन बंद पडला त्याला हरलेला मानण्यात आले.