शह, चेकनाका आणि बँकेचा चेक

मुलुंडचा चेकनाका, चेक्सचा शर्ट, बँकेत वटणारा चेक आणि ‘गॅस बंद केलास का, जरा चेक कर’ यातला चेक. या चौघांचा एकमेकांशी संबंध असेल असं कुणाला वाटणार नाही. पण मूळ एकच आहे, आणि तोच शब्द मराठीत दुसऱ्या वाटेने येऊन बराच कमी झिजलेल्या रूपात राहिला आहे: शह.

फारसीत ‘शाह’ म्हणजे राजा. आदिलशाही-निजामशाहीतला तोच. बुद्धिबळात राजा मारता येत नाही, म्हणून त्याच्यावर मारा झाला की ‘शाह!’ असं बजावायचं, ही इराणमधली रीत. आपण त्या शब्दाचं ‘शह’ केलं आणि पुढे ‘काट’ लावून काटशहही घडवला. पश्चिमेकडे हा शब्द अरबांबरोबर गेला. मध्ययुगीन लॅटिनला त्यातला शेवटचा हकार झेपला नाही, तिथे क आला आणि झालं ‘स्काकुस’. जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’, इंग्रजीत ‘चेक’. खेळाचं नाव ‘चेस’ हेही त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून आलेलं.

‘चेकमेट’मधला मेट म्हणजे आपला ‘मात’. त्याचा अर्थ ‘राजा मेला’ असा सर्रास सांगतात, तो चुकीचा. अरबीत ‘माता’ म्हणजे मेला, त्या साम्यामुळे हा घोळ झाला. फारसी ‘मात’चा अर्थ हतबल, निरुपाय. पटावर होतंही तसंच. राजाला कुणी मारत नाही, त्याला फक्त जायला जागा उरत नाही.

शह बसला की तीनच वाटा असतात: राजा हलवायचा, मध्ये मोहरं घालायचं, नाहीतर शह देणारं मोहरं मारायचं. पलीकडे वजीर फुकटात मिळत असला तरी ती चाल तशीच सोडून द्यावी लागते. ‘अडवणं’ हा अर्थ आला तो इथून. चेकनाक्यावरचा चेक हाच. ‘पडताळून पाहणं’ हा आज सगळ्यात जास्त चालणारा अर्थ मात्र बराच उशिरा, सतराव्या शतकाच्या अखेरीस रुळला.

शर्ट आणि बँक यांची वाट पटावरूनच जाते. फ्रेंचमध्ये बुद्धिबळाच्या पटाला ‘एशेकिए’ म्हणत. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशेब ज्या टेबलावर होई, त्याला हेच नाव पडलं. त्याचं वर्णन खजिनदार रिचर्ड फिट्झनील यांनी ११७०च्या दशकाच्या अखेरीस करून ठेवलं आहे: साधारण दहा फूट लांब, पाच फूट रुंद, भोवती चार बोटं उंच काठ, म्हणजे वरचं काही खाली पडू नये. वर काळं कापड, त्यावर फूटभर किंवा वीतभर अंतरावर रेघा. एका बाजूला खजिनदार, समोर परगण्याचा शेरीफ, म्हणजे तिथली राजाची वसुली करणारा अधिकारी; दोन राजे पटावर लढतात तसे हे दोघे लढतात, असंही ते लिहितात.

हिशेब चकत्यांनी व्हायचा. उजवीकडचा रकाना पेन्सचा, मग शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर, हजार. ४७ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स मांडायचे तर विसाच्या रकान्यात २ चकत्या, मग ७, १३ आणि ४. त्यात ९ पेन्स मिळवले की पेन्सच्या रकान्यात १३ होतात. त्यातल्या १२ उचलायच्या आणि हातचा एक शिलिंगात ठेवायचा. १२ पेन्सचा शिलिंग असला तरी २० शिलिंगांचा पौंड. बारा की वीस यात गल्लत झाली की पुढचा सगळा हिशेब गडगडला. रोमन अंकांत शून्य नाही, बेरीज तर डोकेदुखीच. इथे रिकामा रकाना शून्याचं काम करी आणि वाचता न येणाऱ्यालाही बाकी डोळ्यांनी दिसे.

पावती लाकडाची. टीचभर लांब काठी, तिच्यावर खाचा: हजार पौंडांना तळव्याइतकी रुंद, शंभरांना अंगठ्याएवढी, विसांना करंगळीएवढी, एका पौंडाला जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरून एक फाक देणाऱ्याकडे, दुसरी खजिन्यात. वाद झाला की फाका जुळवायच्या. (या जुन्या काठ्या भट्टीत जाळताना १६ ऑक्टोबर १८३४ रोजी ब्रिटिश संसदेची इमारतच पेटली.)

या टेबलावरून खजिन्याचं नाव ‘एक्सचेकर’ पडलं. त्यातला एक्स हा लॅटिन ‘एक्स’ उपसर्ग समजून लोकांनी उगाच घुसडलेला आहे. चौकटींच्या कापडाला चेक्स म्हणतात, तेही पटामुळेच.

बँकेच्या चेकचं बीज फाका जुळवण्यात आहे. ‘अमुक इसमास इतके पैसे द्यावेत’ अशी चिठ्ठी लंडनमध्ये सतराव्या शतकातही लिहीत. १६५९ सालची एक आजही शिल्लक आहे. पण अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘चेक’ म्हणत ते त्या चिठ्ठीला नव्हे, तर फाडल्यावर मागे राहणाऱ्या काउंटरफॉइलला. त्याच्याशी ताडून बनावट कागद पकडता येई, म्हणून ते नाव. कालांतराने ते फाडलेल्या कागदाकडे सरकलं. एक्सचेकरच्या प्रभावाने एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये शेवटी ‘क्यू-यू-ई’ असं स्पेलिंग रूढ झालं. भारताच्या १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टमध्ये तेच आहे, आणि न वटलेल्या चेकबद्दलचं कलम १३८ त्याच कायद्यातलं. अमेरिकेने जुनं ‘सी-के’ सोडलं नाही. तिथे हॉटेलचं बिलही ‘चेक’च. देवनागरीत लिहिताना मात्र दोन्हींमध्ये फरक उरत नाही.