मांजराचा लाडाचा चावा

पाळीव मांजर (फेलिस कॅटस; कुल फेलिडी) ओळखीच्या माणसाचा हात, बोट, हनुवटी किंवा पायाचा अंगठा दातांत धरते, किंचित दाबते आणि कातडी न फोडता सोडून देते. या वर्तनाला लाडाचा चावा म्हणतात. कान पाडून, फिस्कारून घेतलेला चावा यात मोडत नाही. कोल्हापूरच्या पेठांतून याबद्दलची तक्रार साधारण एकाच धाटणीची असते : ‘आत्ता मांडीवर घुरघुरत हुतं, आन् फाटदिशी दात लावलं बघा.’ मात्र दर वेळी त्यामागे लाडच असतो असे नाही. खेळ, भूक, शिवशिवणाऱ्या हिरड्या, कुरवाळणे नकोसे होणे, क्वचित दुखणे, अशी कितीतरी कारणे या एकाच हालचालीतून बाहेर पडतात. कोणते कारण आहे ते चाव्यावरून ओळखता येत नाही. चाव्याच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात काय चालले होते, त्यावरून येते.

मोठ्या मांजराला ३० दात असतात. त्यांतले चार सुळे भक्ष्याच्या मानेच्या मणक्यांमध्ये नेमके रुततील असे घडलेले आहेत. तरीही याच जबड्यात भाटी, म्हणजे मांजरी, आपले डोळे न उघडलेले पिल्लू मानेच्या सैल कातडीला धरून माळ्यावरून खाली आणते आणि पिल्लाला ओरखडाही उठत नाही. दात किती दाबायचा याची जाण मांजराला उत्तम असते. जवळचे मात्र त्याला नीट दिसत नाही. साधारण २५ सेंटिमीटरच्या आतली वस्तू पुसट दिसते, तेव्हा मिशा पुढे आणून आणि तोंड लावूनच तो अंदाज घ्यावा लागतो. मालकाचे बोट दातांत धरून पाहण्याची सवय याच्याशी जुळणारी आहे.

जोर आवरायला मांजर शिकते ते भावंडांत. चौथ्या आठवड्याच्या सुमारास पिल्ले एकमेकांवर उड्या घेऊ लागतात. त्यांची झोंबाझोंबी म्हणजे तालमीतली खडाखडी : डाव सगळे खरे, पण कोणाला चीत करून हाडे मोडायची नसतात. एखाद्याने जास्त जोरात दात लावला, तर दुसरे पिल्लू किंचाळते आणि खेळ सोडून निघून जाते. आईही पंजाने दाबून ठेवते. खेळ बंद पडणे ही शिक्षा पिल्लांना पुरते आणि काही आठवड्यांत दातांवरचा ताबा पक्का होतो. म्हणून पिल्लू किमान आठ आठवडे, जमल्यास बारा आठवडे आईजवळ ठेवावे असे पशुवैद्य सांगतात. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांत आक्रमकपणाची शक्यता अधिक आढळली होती.

कोल्हापुरात नेमकी इथेच घाई होते. लक्ष्मीपुरीतली धान्याची दुकाने, मार्केट यार्डातली गुळाची गोदामे, शिवाजी पेठेतले जुने वाडे, अशा ठिकाणी उंदरांपायी मांजर असतेच आणि वर्षातून दोनदा तरी कुठल्या तरी पोत्यामागे पिल्ले सापडतात. बशीतले दूध लपालपा पिऊ लागले की ‘आता जगतंय’ म्हणून पिल्लू ज्याला हवे त्याला देऊन टाकतात. तेव्हा ते जेमतेम चार-पाच आठवड्यांचे असते. नव्या घरात त्याला भावंडे नसतात, खेळायला मिळतो तो घरातल्या पोरांचा हात. बोटे नाचवायची, पिल्लाने झडप घातली की हसायचे, चारही पायांनी हात कवटाळून त्याने दात लावले की ‘बघा बघा, कसं लढतंय’ म्हणून शेजाऱ्यांना बोलवायचे. दोन महिन्यांच्या पिल्लाचे दुधाचे दात टोचतात, पण त्यात जोर नसतो. साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के दात येतात. मधल्या काळात हिरड्या शिवशिवतात, त्यामुळे चार्जरची वायर, चटईची कड, मालकाचे मनगट, काहीही चावून बघणे चालू असते. पक्के दात आले की तोच खेळ घरच्यांना खुपू लागतो आणि काल ज्याचे कौतुक होत होते त्याच्या पाठीत धपाटा बसतो. मांजराच्या बाजूने पाहिले तर यात त्याचे काय चुकले, हा प्रश्नच आहे.

कुरवाळताना बसणारा चावा सर्वांत जास्त बुचकळ्यात टाकतो, कारण तो ऐन सुखाच्या घडीला आल्यासारखा वाटतो. मांजरे एकमेकांना चाटतात ती मुख्यतः डोके, कान आणि मान, तीही थोडा वेळ. माणूस मात्र दूरदर्शनवरची मालिका संपेपर्यंत डोक्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत हात फिरवत राहतो. शेपटीच्या बुडाशी हात लागणे बहुतेक मांजरांना आवडत नाही आणि पोटाला हात लावून घेणारी मांजरे विरळाच. सुरुवातीला सुखद वाटणारा स्पर्श सतत एकाच जागी होत राहिला की नकोसा होतो. तेव्हा मांजर आधी शेपटीचे फक्त टोक हलवते. मग कान किंचित बाजूला वळतात. पाठीच्या मागच्या भागातली कातडी, माशी बसावी तशी, थरथरते. घुरघुर थांबते, काही मांजरांची थांबतही नाही आणि त्यामुळेच माणूस फसतो. बाहुल्या मोठ्या होतात, डोके हाताकडे वळते, अंगठ्याच्या मुळाशी दात टेकतात आणि तिथेच थांबतात. दाब वाढत नाही. त्या क्षणी हात थांबला तर बरीच मांजरे दात काढून तीच जागा एक-दोनदा चाटतात आणि मांडीवरच बसून राहतात. हात झटकला, तर मात्र जाणारी वस्तू धरून ठेवण्याची शिकारी सवय जागी होते आणि चावा खोल जातो. घरातल्या घरात झालेल्या बऱ्याचशा जखमा अशा ओढाताणीतल्या असतात. मांजराने आपल्या परीने चार वेळा सांगून पाहिलेले असते.

चाटता चाटता पुढच्या बारीक दातांनी कुरतडल्यासारखे करणे वेगळे. ते खरोखर जवळिकीचे. आपल्या केसांत अडकलेली घाण मांजर असेच कुरतडून काढते आणि ज्याला घरचा मानले त्याची उस्तवारीही तशीच करते. मालकाच्या दाढीवर किंवा वेणीवर हा प्रयोग हमखास होतो.

पहाटेचा चावा बहुतेक वेळा भुकेचा असतो. मांजर मुळात पहाटे आणि तिन्हीसांजेला हालचाल करणारा प्राणी आहे आणि कोल्हापूरही तसे पहाटेच जागे होणारे गाव. दूधवाल्याची कॅन वाजली की घरातल्या मांजराला पांघरुणाबाहेर आलेला अंगठा दिसतो. एकदा अंगठा चावल्यावर आत्याबाई उठून बशी भरतात, इतके त्याला दोन दिवसांत कळते. ही सवय मांजराने लावलेली नसते, बशीने लावलेली असते. उठल्या उठल्या खायला न देता, आधी चूळ-चहा होऊ देऊन मग दिले तर ती हळूहळू सुटते. जाता जाता : पुष्कळ मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही. मटणाच्या रश्श्यातला कांदा-लसूण तर त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना घातक असतो, तेव्हा हाड द्यायचेच तर रश्श्यातले, शिजलेले देऊ नये.

वयात आलेला बोका मालकाचा दंड किंवा घोंगडी दातांत धरून पुढच्या पायांनी तुडवतो. समागमाच्या वेळी बोका भाटीची मान अशीच धरतो. शस्त्रक्रियेने नसबंदी केली की हे बरेच कमी होते.

हात आणि शिकार यांची गल्लत होऊ द्यायची नाही, ही खबरदारी या गावाला नवी नाही. कोल्हापूर संस्थानात विसाव्या शतकातही पाळीव चित्त्यांकडून काळविटाची शिकार करवून घेत. भारतातल्या या शिकारीत चित्त्याने काळवीट पाडल्यावर चित्तेवान त्याच्या तोंडून ते ओढून घेत नसे. लाकडी पळीत रक्त घेऊन ते त्याच्यापुढे धरी आणि तो त्यात गुंतला की डोळ्यांवर टोपी चढवी. चित्ता आणि मांजर एकाच कुळातले. घरच्या मांजरालाही तोंडात धरलेल्या हाताच्या बदल्यात दुसरे काही द्यावे लागते : काठीला बांधलेले पीस, जुन्या मोज्याची गुंडाळी, कागदाचा बोळा. सुतळी, दोरा किंवा पतंगाचा मांजा मात्र खेळायला टाकून ठेवू नये. तो गिळला गेला तर आतडी गोळा होऊन जिवावर बेतते. झडप घालायला, धरायला आणि चावायला दिवसातून दोन-तीन वेळा असे काही मिळाले आणि खेळाच्या शेवटी खाणे मिळाले, की हातावरचा मोर्चा आपोआप वळतो. चावल्यावर हात न झटकता सैल सोडावा, सुटला की उठून जावे, बोलूही नये. मारल्याने, नाकावर टिचकी दिल्याने किंवा पाणी उडवल्याने मांजर चावायचे विसरत नाही. शेपूट हलवून आधी सांगायचे तेवढे सोडून देते आणि पुढचा चावा थेट येतो.

आयुष्यात कधी दात न लावलेले वयस्क मांजर अचानक चावू लागले, तर वर्तनाचा विचार नंतर, तपासणी आधी. दातांच्या मुळांचा आजार, सांधेदुखी, कातडीखालचे गळू यांत दुखऱ्या जागी हात लागताच ते चावते. तोंडाला वास येणे, एकाच बाजूने चावून खाणे, कट्ट्यावर उडी मारायची टाळणे ही लक्षणे पशुवैद्याला सांगावीत.

कातडी फुटली, तर तो लाडाचा चावा राहत नाही. मांजराचे दात सुईसारखे असल्याने जखम वरून टिकलीएवढी दिसते, पण जंतू खोल जातात. मांजराच्या तोंडात सर्रास असणाऱ्या पाश्चुरेला मल्टोसिडा या जीवाणूमुळे २४ तासांच्या आतच हात सुजून लाल होऊ शकतो. बोटाच्या सांध्याजवळचा चावा आणि मधुमेही माणूस असेल तर विशेष जपावे. रेबीजचा धोका भारतात गृहीतच धरायचा असतो. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी; हळद, चुना, तिखट काही भरू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीनुसार उघड्या कातडीवर नुसते कुरतडणे किंवा रक्त न आलेला ओरखडा दुसऱ्या वर्गात येतो आणि लस सुचवली जाते. कातडी भेदून गेलेला चावा तिसऱ्या वर्गात, तेव्हा लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे) द्यावे लागते. मांजराला लस टोचलेली असली तरी हा निर्णय डॉक्टरांवर सोडावा. कोल्हापुरात त्यासाठी लोक सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, गाठतात. चावलेले मांजर दहा दिवस घरातच नजरेखाली ठेवतात, हाकलून देत नाहीत. पिल्लाला रेबीजची पहिली लस ते तीन महिन्यांचे झाले की देता येते, पुढची मात्रा वर्षाने.