इन्सुलिनचा निरोप पुसणारं एन्झाइम

शुगर निघाली की घरात पहिलं वाक्य ठरलेलं, "इन्सुलिन कमी पडतंय". टाइप १ मध्ये ते खरंच आहे, पण आपल्याकडं सांगली-मिरजेत काय किंवा कुठंही काय, बहुतेकांना असतो तो टाइप २, आणि त्यात सुरुवातीची कित्येक वर्षं रक्तात इन्सुलिन भरपूर असतं, कधीकधी गरजेपेक्षा जास्तच, तरी साखर उतरत नाही. गळीत हंगामात कारखान्याच्या गेटबाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते ना, उसाला तोटा नाही, कारखानाही जागेवर, पण नंबरच लागत नाही आणि रस्ता तुंबलेला, तसं.

आता इन्सुलिन काही स्वतः साखर धरून आत नेत नाही. ते पेशीच्या बाहेरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रोटीनला, चिकटतं. हा रिसेप्टर स्वतःच एक एन्झाइम आहे, किनेज जातीचं, म्हणजे प्रोटीनवर फॉस्फेट लावणारं. इन्सुलिन चिकटलं की तो आधी स्वतःच्याच अंगावर, टायरोसिन नावाच्या जागांवर, फॉस्फेट लावून घेतो, मग शेजारच्या प्रोटीनवर, तिथून निरोप पुढं पीआय३ किनेज, मग एकेटी अशा पेशीतल्याच एन्झाइम्सच्या हातोहात जातो, आणि शेवटी स्नायूच्या पेशीत आत पडून असलेले ग्लुट४ नावाचे साखरवाहक वर पृष्ठभागावर येतात. मग साखर आत.

फॉस्फेट लावणाऱ्यांचं कौतुक खूप झालं, पण लावलेलं फॉस्फेट काढतं कोण?

निकोलस टोंक्स नावाचा बायोकेमिस्ट सिएटलला एडमंड फिशर यांच्या लॅबमध्ये काम करत होता (फॉस्फेट लावण्या-काढण्याच्या शोधासाठी फिशर आणि एडविन क्रेब्स यांना १९९२ चं नोबेल मिळालं). टोंक्सनं १९८८ मध्ये बाळंतपणानंतर पडणाऱ्या वारेतून, हो, माणसाच्याच, एक एन्झाइम शुद्ध करून काढलं, पीटीपी१बी. आपल्याकडं वार पुरून टाकतात, यांनी तिच्यातून एक अख्खं संशोधनाचं क्षेत्र काढलं. हे एन्झाइम टायरोसिनवरचं फॉस्फेट उतरवतं, इन्सुलिन रिसेप्टरवरचंसुद्धा, म्हणजे इन्सुलिननं दिलेला निरोपच पुसून टाकतं. तसं हे काम गरजेचंच आहे, निरोप कधी थांबलाच नाही तर पेशीचं कसं चालायचं.

१९९९ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या टीमनं या एन्झाइमचा जीनच नसलेले उंदीर तयार केले. चरबीवालं खाणं दिल्यावर साधे उंदीर फुगले, त्यांना इन्सुलिन लागू पडेना, आणि या उंदरांचं वजनही फारसं वाढलं नाही आणि इन्सुलिनही व्यवस्थित चालत राहिलं. वर तब्येत ठणठणीत. वजनाचं कोडं नंतर सुटलं, हेच एन्झाइम मेंदूत लेप्टिनचा, म्हणजे 'चरबी पुरेशी आहे, आता बास' असं सांगणाऱ्या हार्मोनचा निरोपही पुसतं. एकच एन्झाइम बंद केलं की शुगर आणि वजन दोन्ही हातात, औषध कंपन्या तुटून पडणारच.

पण आजपर्यंत यावर एकही गोळी बाजारात नाही. पीटीपी१बीच्या कामाच्या जागी बसणारा रेणू फॉस्फेटसारखा, म्हणजे ऋणभारित असावा लागतो, आणि असा रेणू पेशीच्या आवरणातून सहजासहजी आत जात नाही. त्यात या घराण्याची एन्झाइम्स माणसात शंभराच्या आसपास आहेत, आणि सगळ्यांची ती जागा जवळपास सारखी. टीसीपीटीपी हा तर अगदी सख्खा भाऊ, आणि तो नसलेले उंदीर जन्मल्यानंतर काही आठवड्यांतच मरतात. एकाला मारायला जाऊन दुसरा दगावला तर काय करणार.

इथं एक सांगायलाच हवं. वनस्पतींतले कितीतरी पदार्थ पीटीपी१बीला अडवतात असे पेपर ढिगानं निघालेत, आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाल्यापासून 'हळदीनं शुगर जाते' म्हणणाऱ्यांना अजूनच जोर चढलाय. काचेच्या नळीत एन्झाइम अडलं म्हणजे माणसाच्या पोटातून, लिव्हरमधून जाऊन तेवढ्याच प्रमाणात ते पेशीत पोचलं असं होत नाही ओ. भाजीत घाला की, गोळीच्या जागी नको.

टोंक्स नंतर अमेरिकेतल्याच कोल्ड स्प्रिंग हार्बर या संशोधन संस्थेत गेला आणि याच एन्झाइमवर काम करत राहिला. २०१४ मध्ये त्याच्या टीमनं दाखवलं की शार्क माशात सापडलेला ट्रोडुस्क्वेमिन नावाचा पदार्थ त्या कामाच्या जागेला हातच लावत नाही, एन्झाइमच्या शेपटाकडच्या भागाला धरतो आणि तिथूनच त्याला गप्प करतो. ते शेपूट भावाभावांत बरंच वेगळं असतं, म्हणून आता बऱ्याच जणांचं लक्ष तिकडंच लागलंय.