बाटिक आणि बाटिक प्रिंट: गोधडीसाठी कोणतं?
लक्ष्मी रोडवर ‘बाटिक दाखवा’ म्हटलं की दुकानदार दोन्ही जातींचे तागे समोर टाकतो आणि दोन्हींना बाटिकच म्हणतो. नक्षी सारखीच दिसते, तडे गेल्यासारख्या बारीक रेघांची. कुर्ता शिवायचा असेल तर आवडेल ते घ्या. गोधडीसाठी मात्र आधी कापड उलटं करून बघा.

बाटिक हे मुळात पद्धतीचं नाव. इंडोनेशियाच्या बाटिकला युनेस्कोनं २००९ साली वारशाच्या यादीत घेतलं, ते या कारागिरीसाठी. कापडावर आधी गरम मेणानं नक्षी काढतात, मग ते रंगात बुडवतात. मेण असेल तिथे रंग शिरत नाही, बाकी कापड दोन्ही बाजूंनी जवळपास सारखं रंगतं. प्रिंटचा रंग वरून छापलेला, म्हणून उलटी बाजू फिकी.

तेवढ्यानं शंका फिटली नाही तर तड्यांकडे बघा. थंड झालेलं मेण जिथे तडकतं तिथे रंग झिरपतो, त्यामुळे दोन तडे हुबेहूब सारखे येत नाहीत. प्रिंटवर थोडं पुढे गेलं की तोच तडा त्याच वळणासकट पुन्हा भेटतो. मी एकदा घाईत उलटी बाजू न बघताच दोन मीटर घेऊन आले. तुकडे कापून मांडले तेव्हा चार ठिगळांवर एकच तडा!

बाटिकला उलट-सुलट नसण्याचा गोधडीत मोठा फायदा आहे. तिरका तुकडा चुकून उजव्याऐवजी डावा कापला गेला तरी पलटून लावता येतो. प्रिंटचा तुकडा तसा लावला तर फिकी बाजू वर येते.

पण बाटिक म्हटलं की वीण एकच, असं नाही. खास क्विल्टसाठी बालीत तयार होणारं कापड चांगलं दाट असतं. त्याच्या दशा कमी निघतात, त्यामुळे पानाफुलांचे आकार कापून वर शिवायला ते झकास. हातानं धावदोरा घालायला बसलात तर मात्र बोटं भरून येतील. जुन्या मऊ साडीतून सुई सरसर जाते, इथे ती टाक्याटाक्याला अडते. मशीनवर ११ नंबरची टोकदार सुई लावा; १६ नंबरची भोकं नंतर दिसत राहतात. कच्छमधल्या मुंद्र्याचं किंवा उज्जैनजवळच्या भैरूगढचं बाटिक मिळालं तर वीण चिमटीत धरून बघा, मगच हातशिलाईचं ठरवा.

रंगाची तऱ्हा दोघांची वेगळी. गडद बाटिक, त्यातही लाल आणि निळं, कापण्याआधी वेगळं धुवा. ओल्या कापडावर पांढरं फडकं दाबून बघा. फडक्याला रंग लागत असेल तर पुन्हा धुवा. हा कंटाळा केला की शेजारचं पांढरं ठिगळ गुलाबी झालंच समजा. प्रिंटमधली पिगमेंटची, म्हणजे कापडावर वरच्यावर चिकटवलेल्या रंगाची, छपाई पाण्यात फारशी सुटत नाही, पण वापरून वापरून घड्यांवर पांढरट पडते. बाटिकमध्ये कधी मेणही राहून जातं. कोऱ्या कागदाखाली ठेवून इस्त्री फिरवली आणि कागदावर तेलकट डाग उमटला, तर ते मेणच.

मी वरच्या तुकड्यांना बाटिक वापरते. अस्तराला बिनदिक्कत प्रिंट. फिकी बाजू आतच जाणार, तिथे कोण बघतंय?