टोकियोला जाताना लवकर, येताना उशीर, असं का?

वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांमधली आपल्याकडची पोरं ट्रेनिंगला जपानला जातात आणि परत आली की विचारतात, दिल्ली ते टोकियो अंतर तेच, साधारण 5,850 किलोमीटर, मग हिवाळ्यात जाताना सात तासांच्या आसपास आणि येताना नऊ-साडेनऊ तास कसे काय लागतात?

लगेच कुणीतरी सांगतं, पृथ्वी फिरते ना म्हणून. पण पृथ्वी फिरते पश्चिमेकडून पूर्वेकडं, म्हणजे या हिशोबानं टोकियो विमानाच्या पुढं पळतंय, जायलाच जास्त वेळ लागायला पाहिजे. घडतं नेमकं उलटं. धावत्या एसटीत उडी मारली तर तुम्ही मागच्या सीटवर जाऊन पडत नाही, तसंच विमान आणि भोवतालची हवा जमिनीसोबत आधीपासूनच फिरत असते.

खरं कारण जेट स्ट्रीम. 10 ते 12 किलोमीटर उंचीवर, म्हणजे बरोब्बर विमानं उडतात तिथंच, हिवाळ्यात उत्तर भारतावरून चीन-जपानकडं वाऱ्याची एक नदीच वाहते, जपानवर तर तिचा वेग कधीकधी ताशी 300 किलोमीटरच्या वर जातो.

आता हा वारा येतो कुठून ते बघा, मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते हेच. विषुववृत्तावरची जमीन ताशी 1,670 किलोमीटरनं पूर्वेकडं धावते, 30 अंश उत्तरेला तीच 1,450 च्या आसपास. विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर चढते, वरच्या वर उत्तरेकडं सरकते, आणि तिचा पूर्वेकडचा वेग तिच्यासोबतच येतो, खालची जमीन मात्र हळू, म्हणून हवा जमिनीच्या पुढं निघते. त्यात ती पृथ्वीच्या अक्षाच्या जवळ येत असते, कोनीय संवेग (म्हणजे वस्तुमान, वेग आणि अक्षापासूनचं अंतर यांचा गुणाकार) कायम राहायचा तर अंतर घटलं की वेग वाढणारच. नुसतं कागदावर गणित केलं तर 30 अंशावर वारा ताशी 480 किलोमीटरच्या घरात येतो, प्रत्यक्षात मोठमोठे भोवरे तो संवेग पुढं उत्तरेकडं वाटून टाकतात म्हणून एवढा होत नाही. म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे, पण वाऱ्यामार्फत.

हिशोब सोप्या आकड्यांत करू. अंतर 6,000, विमानाचा हवेतला वेग 900, वारा 150. जाताना वेग 1,050, वेळ 5 तास 43 मिनिटं. येताना 750, म्हणजे पूर्ण 8 तास. वारा नसता तर जाऊन-येऊन 13 तास 20 मिनिटं, वाऱ्यात 13 तास 43. म्हणजे जाताना वाचलेला वेळ येताना व्याजासकट जातो!

आपल्याकडं अजून दिशाशूल बघून तिकीट काढणारे आहेत, सोमवारी-शनिवारी पूर्वेला जाऊ नये म्हणतात. वाऱ्याला वार कळत नाही हो, ऋतू मात्र कळतो. पावसाळ्यात हा प्रवाह हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि जाण्या-येण्यातला फरक बराच कमी होतो.

जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी 1920 च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला होता, पण अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला, बाहेर फारसा कुणी वाचलाच नाही. पुढं दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-29 बॉम्बफेकी विमानं जपानवर या वाऱ्यात सापडली तेव्हा जगाला त्याचा जोर कळला.

आणि हा विषय फक्त विमानवाल्यांचा नाही. हिवाळ्यात पश्चिमी विक्षोभ, म्हणजे भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पाऊस-बर्फाच्या प्रणाली, याच प्रवाहासोबत येतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रवाह दक्षिणेकडं उतरला की आपल्याकडं गारपिटीला पोषक हवा तयार होते. 2014 ची गारपीट मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही, म्हणून शाळेत लेकरांना मान्सून शिकवता तसा हा वारासुद्धा शिकवा.