कट्टा, पिस्तूल आणि परवाना : कोल्हापुरातल्या एका चर्चेची पार्श्वभूमी

बेकायदा हत्यारे येतात कुठून आणि परवान्याच्या बंदुकांचे करायचे काय, ही कोल्हापुरातली चर्चा एका खुनापाशी येऊन थांबते. १६ फेब्रुवारी २०१५ ची ती सकाळ कोल्हापूरकरांना नव्याने सांगायला नको. सागरमाळ परिसरात, फिरून घराकडे परतणारे ज्येष्ठ कामगार नेते गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नीवर गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी पानसरे गेले. असेच खून आधी पुण्यात नरेंद्र दाभोलकरांचा (२० ऑगस्ट २०१३), नंतर धारवाडमध्ये एम. एम. कलबुर्गींचा (३० ऑगस्ट २०१५) आणि बंगळुरूत गौरी लंकेश यांचा (५ सप्टेंबर २०१७) झाला. कोणी मारले, या प्रश्नावर इथे मोर्चे निघाले, निर्भय मॉर्निंग वॉक झाले. कशाने मारले, हा प्रश्न मात्र पुंगळ्यांवरच्या खुणांत अडकला. यातल्या दोन खुनांत एकच पिस्तूल वापरले होते का, यावर दोन प्रयोगशाळांचे मत जुळले नाही आणि त्या घोळात बरीच वर्षे गेली.

या घोळाला शब्दही कारणीभूत आहे. आपल्या बातम्यांत सापडलेले प्रत्येक बेकायदा हत्यार ‘गावठी कट्टा’ असते. खरा कट्टा म्हणजे एका वेळी एकच गोळी घेणारे ओबडधोबड नळकांडे. या खुनांच्या तपासात सतत उल्लेख आला तो ७.६५ मिमीच्या देशी बनावटीच्या पिस्तुलाचा, म्हणजे मॅगझिन (अनेक गोळ्यांची पेटी) असलेल्या हत्याराचा. दोन्हींना एकच नाव दिले की वाचणाऱ्याला वाटते, कुठल्या तरी टपोरीने कमरेला लावलेली वस्तू. (कोल्हापुरात कट्टा म्हणजे संध्याकाळी गप्पा मारत बसायची जागा, हे वेगळेच.)

आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. ७.६५ मिमी म्हणजेच बत्तीस बोअर; बोअर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचे माप. परवान्यावर मिळणाऱ्या बत्तीस बोअर पिस्तुलालाही हीच गोळी लागते. नऊ मिमीला कायदा ‘प्रतिबंधित बोअर’ म्हणतो, म्हणजे सामान्य नागरिकाला सहसा त्याचा परवाना मिळत नाही; बत्तीसला तसे म्हणत नाही. मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या उमर्टीसारख्या गावांत पिस्तूल घडते, ते जळगावमार्गे खाली येते, हे पोलिसांच्या कारवायांतून वारंवार दिसले. पण चांगले काडतूस कारखान्यातच तयार होते. मग ते कोणाच्या परवान्यावरून सुटते? माझ्या मते पिस्तुलापेक्षा काडतुसांच्या वहीवर, म्हणजे कोणत्या परवान्यावर किती काडतुसे गेली त्या नोंदीवर, जास्त बोलायला हवे. बोलणे होते ते परवानाधारकाच्या बंदुकीवर, आणि तेही निवडणूक आली की.

आचारसंहिता लागली की हत्यारे जमा करण्याच्या नोटिसा निघतात. पूर्वी सरसकट निघायच्या. राधानगरी, शाहूवाडी, आजऱ्याकडे शेतीरक्षणाचे परवाने आहेत. रात्री उसात गवा शिरतो, डुकरे भुईमूग उकरतात, आणि बंदूक पोलीस ठाण्यात. शेतकऱ्याचे म्हणणे साधे : आमच्या ठासणीच्या बंदुकीने कुठले मतदान केंद्र लुटले गेले? यावर याचिका झाल्या. २००९ च्या एका याचिकेनंतर छाननी समितीची पद्धत आली : जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, आधी दंगलीत सापडलेले अशांचे परवाने तपासून निर्णय घ्यायचा. बँकांचे रखवालदार आणि नेमबाज खेळाडू यांना सवलत. कागदावर हे ठीक आहे. पण ज्याच्याकडे परवानाच नाही त्याला नोटीस जाणार कुठे?

नेमबाजांचा मुद्दा कोल्हापुरात वरवरचा नाही. २०१० ची म्युनिकमधली विश्वविजेती इथली, २०१८ च्या आशियाई स्पर्धेतली पिस्तुलाची सुवर्णपदक विजेती इथली आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधला कांस्यपदक विजेता राधानगरीतल्या कांबळवाडीचा. म्हणून २०१९ मध्ये परवान्यावरच्या हत्यारांची मर्यादा कमी करायचा प्रस्ताव आला तेव्हा खेळाडूंच्या सवलतीकडे इथे लक्ष होते. मूळ प्रस्ताव एकाच हत्याराचा होता. विरोधानंतर तीनवरून दोनवर थांबले. त्याच दुरुस्तीत बेकायदा हत्यार बनवण्या-विकण्याची शिक्षा किमान सात वर्षे ते जन्मठेप झाली आणि लग्नात हवेत बार उडवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आला. पहिल्या तरतुदीवर गल्लीत चर्चा नाही. वरातीतल्या बाराच्या तरतुदीवर अजून हसतात.

मागे पाहायचे तर ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरातली २७ वी पलटण इंग्रजांविरुद्ध उठली, पुढे १८७८ चा शस्त्र कायदा आला आणि १९५९ ला सध्याचा. जुन्या कायद्याचा हेतू रयतेला निःशस्त्र करण्याचा होता. त्या आठवणीमुळे परवाना म्हणजे मान, अशी भावना काही घराण्यांत अजून आहे.

१० मे २०२४ ला दाभोलकर खुनाच्या पुण्यातल्या खटल्यात दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने कोल्हापूरच्या खुनाच्या तपासावरची देखरेख थांबवली आणि त्याच महिन्यात सहा आरोपींना जामीन दिला. कुठल्याही वादावर ‘बिंदू चौकात या’ म्हणणाऱ्या या शहरात काडतुसांच्या वहीसाठी ती हाक अजून कोणी दिलेली नाही.