मग निघून का नाही गेलीस?

लहानपणी घरातच मार खाल्लेलं किंवा छळाच्या संसारात वर्षानुवर्षं काढलेलं कुणी एकदाचं बोलायला लागतं आणि ऐकणारा विचारतो, ‘मग निघून का नाही गेलीस?’ विचारणारा दुष्ट नसतो. धोका आला की प्राणी लढतो किंवा पळतो, असं त्याने शाळेत वाचलेलं असतं. जो दोन्हीपैकी काहीच करत नाही त्याच्यातच काहीतरी कमी असणार, असा हिशेब त्याने मनात मांडलेला असतो. हा हिशेब कसा चुकतो, हे शोधायला शास्त्रज्ञांनाही पन्नासेक वर्षं लागली. त्यांनी तर आधी उत्तरच उलटं काढलं होतं.

१९६७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. (वाचतानाही त्रास होतो, पण त्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही.) एका गटाला विजेचे झटके बसत, पण डोक्याने बाजूची पट्टी दाबली की झटका थांबे. दुसऱ्या गटाला तितकेच आणि तेवढाच वेळ झटके. मात्र त्यांनी काहीही केलं तरी फरक पडत नसे. नंतर दोन्ही गटांना अशा खोक्यात सोडलं, जिथे बुटकी आडकाठी ओलांडली की सुटका होती. पहिल्या गटातले कुत्रे उडी मारून मोकळे झाले. दुसऱ्यातले बहुतेक जागीच बसून कण्हत झटके सोसत राहिले. वेदना दोघांची सारखीच होती. ती थांबवणं एकाच्या हातात होतं, दुसऱ्याच्या नव्हतं. यावरून ‘असहायता ही शिकलेली असते’ असा सिद्धांत निघाला आणि पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला.

पुढे मायर यांनी उंदरांच्या मेंदूत डोकावून पाहिलं. खाली मस्तिष्कस्तंभात चेतापेशींचा एक पुंजका आहे, डॉर्सल राफे न्यूक्लियस. त्रास लांबला की तो पेटतो आणि सेरोटोनिन हे चेतापेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन सोडतो. ते अमिग्डलाकडे, म्हणजे भीती हाताळणाऱ्या मेंदूच्या भागाकडे, गेलं की भीती वाढते. मध्यमेंदूच्या ज्या भागातून पळण्याची हालचाल सुरू होते तिथे गेलं की पाय थिजतात. (सेरोटोनिनला ‘आनंदाचं रसायन’ म्हणून खपवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) यासाठी उंदराला काहीही शिकावं लागत नाही. लांबलेल्या त्रासात थिजून जाणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे.

मग शिकलं काय जातं? चाक फिरवून झटका थांबवणाऱ्या उंदरात कपाळामागचा मेंदूचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, ‘मी काही केलं आणि त्याने फरक पडला’ हे टिपतो आणि खाली संदेश धाडतो. हा संदेश राफेतल्या सेरोटोनिन पेशींना थेट जात नाही. तो तिथल्या गाबा हे शांत करणारं रसायन सोडणाऱ्या शेजारपेशींना जागं करतो आणि त्या सेरोटोनिन पेशींना गप्प करतात. म्हणजे वरून ॲक्सिलरेटर दाबला जातो, पण त्याची तार ब्रेकला जोडलेली असते! कॉर्टेक्सचा तेवढा भाग औषधाने बंद पाडला, तर चाक फिरवून झटका थांबवणारा उंदीरही पुढे असहाय उंदरासारखाच वागतो. उलट, आधी एकदा ताबा अनुभवलेला उंदीर नंतरच्या अटळ झटक्यांनीही तितका खचत नाही. २०१६ साली मायर आणि सेलिगमन यांनी स्वतःच लिहिलं की आपला मूळ सिद्धांत उलटा होता. असहायता जन्मजात असते. शिकावा लागतो तो ताबा.

उंदरावरून माणसावर एकदम उडी मारू नये, हे मान्य. पण कॉम्प्लेक्स पीटीएसडीचं वर्णन काढून पाहा. पीटीएसडी म्हणजे आघातानंतर मागे उरणारा मनोविकार, आणि हा त्याचा गुंतागुंतीचा प्रकार. मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी ही कल्पना १९९२ मध्ये मांडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत तिला वेगळी जागा मिळाली. तिथे कारण म्हणून बहुतेकदा असे प्रसंग सांगितले आहेत, जे वारंवार किंवा दीर्घकाळ घडतात आणि ज्यांतून सुटका अवघड किंवा अशक्य असते. साध्या पीटीएसडीची लक्षणं, म्हणजे प्रसंग पुन्हा समोर घडतोय असं वाटणं, त्याची आठवण देणारं सगळं टाळणं आणि धोका अजून आहे या जाणिवेने सतत सावध राहणं, इथेही असतातच. त्यात आणखी तीन लक्षणांची भर पडते: भावना आवरत नाहीत, ‘मीच नालायक’ ही समजूत हाडीमाशी खिळते आणि नाती टिकवणं जड जातं. दारात किल्ली फिरल्याचा आवाज आला की खांदे आखडतात. मारणारा माणूस वीस वर्षांपूर्वीच गेलेला असला, तरी.

‘वेळ हेच औषध’ म्हणतात. वेळेने ताबा शिकवला जात नाही, म्हणून ती इथे अनेकदा अपुरी पडते. गेल्या जन्मात नेऊन जखम शोधून देणाऱ्यांपासून तर चार हात लांबच राहावं. सूचना देऊन खोट्या आठवणी रुजवता येतात, हे प्रयोगांत दिसलं आहे, आणि ज्याचा स्वतःवर आधीच विश्वास नाही त्याला असली भर परवडणारी नसते.

पहिल्याच प्रयोगांच्या मालिकेतली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. थिजलेल्या कुत्र्यांना हाका मारून, खाऊ दाखवून काही उपयोग झाला नाही. त्यांना पट्ट्याने ओढून आडकाठीपलीकडे न्यावं लागलं, एकदा नव्हे, पुन्हापुन्हा. मग कधीतरी ते आपणहून निघाले. माणसाला असं ओढता येत नाही आणि ओढूही नये, कारण ओढण्यात त्याचा ताबा पुन्हा दुसऱ्याच्याच हाती जातो.

म्हणून चांगला थेरपिस्ट सुरुवात अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींपासून करतो. कुठल्या खुर्चीत बसायचं? दार लोटायचं की उघडं ठेवायचं? आधी भावना सावरायची कौशल्यं शिकवायची की थेट आठवणींना हात घालायचा, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. पण आठवणीवर काम सुरू होण्याआधी एक खूण ठरते: हात वर केला की थांबायचं. कित्येकजण पहिल्या काही भेटींत ती वापरून बघतात, काही दुखत नसतानाही. हात वर होतो. समोरचा माणूस खरोखरच बोलायचं थांबतो.